उंदराचा अल्सर बरा झाला, पुढे काय?

सिनॉप्सिस वाचला गं तुझा. दोनदा वाचला. जांभळाच्या सालीचा अर्क, विस्टार उंदीर, पायलोरिक लायगेशन आणि इथेनॉल अशी दोन मॉडेल्स, पाच गट, प्रत्येक गटात सहा. नेटका आहे. गाइडना आवडेल, समितीही फारशी अडवणार नाही. पण तू विचारलंस, ‘ताई, खरं सांग, कसा वाटतो?’ म्हणून खरं सांगते. चहा घेऊन बस. मी थोडक्यात आटपणारी नाही, हे तुला माहीत आहे.

आधी पहिल्या पानावरचं ते वाक्य काढून टाक, ‘जांभळाच्या सालीवर या दृष्टीने अद्याप काम झालेलं नाही’ हे. झालंय बाई. 2003 मध्ये फिलिपाइन्सच्या संशोधकांनी याच सालीतली टॅनिन वेगळी काढून, आम्ल आणि अल्कोहोल देऊन जठर दुखावलेल्या उंदरांवर तपासली आहेत. तिकडे जांभळाला ‘दुहात’ म्हणतात. शोधताना शास्त्रीय नाव घाल, तेही जुनं-नवं दोन्ही, सिझिजियम क्युमिनी आणि युजेनिया जांबोलाना. व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक नेमकं असलंच वाक्य पकडतात आणि मग पुढचा अर्धा तास तू सावरत बसतेस. आधी काम झालंय याचं वाईट वाटून घेऊ नको. त्यात तू काय भर घालणार, एवढं ठरव म्हणजे झालं.

आणि तेच मला त्या पानांत सापडलं नाही. ‘अर्क अल्सरवर गुणकारी आहे का’ हा प्रश्न नव्हे, ती इच्छा झाली. कुणाचा अल्सर? कशामुळे झालेला? होण्याआधी रोखायचा आहे की झालेला भरून काढायचा आहे?

तुला शिकवलंच असेल, तरी परत सांगते. 1980 पर्यंत अल्सरच्या माणसाला डॉक्टर सांगायचे, काळजी करू नका, तिखट खाऊ नका, दूध घ्या. मग ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठराच्या अस्तरात राहणारा वळणदार जिवाणू दाखवला. कुणी फारसं मनावर घेईना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला चांगली सूज आली. 2005 चं नोबेल दोघांना मिळालं. आज माणसांतले बहुतेक अल्सर दोन कारणांनी होतात, एक हा हेलिकोबॅक्टर पायलोरी आणि दुसरं म्हणजे दुखण्यावरच्या गोळ्या. आता तुझ्या उंदराकडे बघ. त्याला ना जिवाणूची लागण, ना गुडघेदुखीची गोळी. त्याच्या जठराचं खालचं तोंड तू दोऱ्याने बांधलंस, नाहीतर नळीने पोटात शुद्ध अल्कोहोल सोडलंस. जखम झाली खरी, पण ती कुणाच्या आजारासारखी आहे, हे तुला सांगता यायला हवं.

लायगेशनचं मॉडेल हॅरी शे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1945 मध्ये मांडलं. तेव्हापासून आपण बांधतोच आहोत. उंदीर दिवसभर उपाशी ठेवायचा, भूल देऊन पोट उघडायचं, पायलोरस बांधायचा, टाके घालायचे, चारेक तासांनी जठर काढून रस मोजायचा. आता एक गोष्ट नीट ऐक, कारण ही प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ठळक अक्षरांत कुणी लिहीत नाही. उंदराच्या जठराचे दोन भाग असतात. वरचा पांढरट, पातळ, ज्यात ग्रंथी नाहीत, आणि खालचा लालसर, ग्रंथींचा. शे यांच्या मॉडेलमधले व्रण प्रामुख्याने त्या वरच्या पांढरट भागात उठतात. माणसाच्या जठरात तसा भागच नाही! म्हणजे अल्सर इंडेक्स काढून तू ‘अमुक टक्के संरक्षण’ लिहिशील, ते संरक्षण माणसाकडे नसलेल्या जागेचं असेल.

तरी ते मॉडेल टाकून देऊ नको. त्यातून मिळणारा रस मोलाचा आहे. किती मिलिलिटर आला, त्याचा पीएच किती, टॉपफर आणि फिनॉफ्थॅलिन घालून टायट्रेट केल्यावर मोकळं आणि एकूण आम्ल किती निघालं, यावरून अर्क आम्ल कमी करतो की नाही हे स्वच्छ कळतं. तेवढ्यासाठी ते ठेव आणि निष्कर्षातही तेवढंच लिही.

इथेनॉलचं मात्र मला पटत नाही. जांभळाच्या बाबतीत तर मुळीच नाही. त्या सालीत टॅनिन किती असतं माहीत आहे ना? तिने चामडं कमावतात. टॅनिन प्रथिनांना धरून त्यांचा साका करतं. तू अर्क आधी पाजणार, तो जठराच्या आतल्या अंगावर चिकटून तिथल्या प्रथिनांचा थर घट्ट करणार आणि मग तासाभराने तू वरून अल्कोहोल ओतणार. अर्थातच जखम कमी होईल. चहाचा कडक काढा दिलास तरी कमी होईल. त्यातून अर्क औषध आहे हे सिद्ध झालं, की साल तुरट आहे हे? तुरटपणा आपल्याला आधीच माहीत होता. शिवाय या मॉडेलमधली इजा आम्लावर फारशी अवलंबून नसते, म्हणून आम्ल कमी करणारी गोळी तुलनेला ठेवलीस तर ती बिचारी उगाच फिकी पडते आणि आपला अर्क तिच्यापेक्षा सरस दिसतो. अशी कोष्टकं मी ढिगाने पाहिली आहेत. ‘स्टँडर्डपेक्षाही अधिक परिणामकारक’ असं खाली लिहिलेलं असतं आणि टाळ्या पडतात.

माझं ऐकशील तर इथेनॉलच्या जागी इंडोमेथॅसिन घे. त्याने प्रोस्टाग्लँडिन बनायचं थांबतं, जठराचं स्वतःचं अस्तर राखण्याचं काम लंगडं पडतं आणि ग्रंथींच्या भागात रक्ताळ रेघा उठतात. दुखण्याच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या पोटात जे घडतं, त्याच्या हे बरंच जवळचं आहे. आणि वेळ मिळाला तर ॲसिटिक ॲसिडचं मॉडेल कर, जपानमध्ये ताकागी आणि ओकाबे यांनी 1969 मध्ये बसवलेलं. त्यात खोल व्रण आधी तयार होतो, तो आपणहून सावकाश भरत जातो आणि अर्क त्यानंतर द्यायचा असतो. दवाखान्यात येणारा माणूस अल्सर घेऊन येतो गं. ‘पुढच्या गुरुवारी मला अल्सर होणार आहे, आजपासून अर्क सुरू करा’ असं सांगत कुणी येत नाही. आपले निम्मे थिसिस मात्र आधी अर्क, मग इजा याच क्रमाने चालतात. कारण सोपं आहे, ते एका दिवसात उरकतं. ॲसिटिक ॲसिडला दोन-दोन आठवडे उंदीर सांभाळावे लागतात, रविवारीही जावं लागतं. गाइड म्हणतील, एवढं कशाला? त्यांना कच्च्या केळ्याचं उदाहरण दे. ब्रिटनमध्ये 1984 साली कच्च्या केळ्याच्या वाळवलेल्या पुडीचं काम छापून आलं. ती पूड ॲस्पिरिनचे व्रण आधी देऊन रोखते का आणि झालेले व्रण भरते का, असे दोन्ही प्रश्न त्यांनी वेगवेगळे तपासले. दोन्हींना उत्तर ‘हो’ आलं. म्हणूनच इतक्या वर्षांनी त्या कामाचा हवाला देताना कचरायला होत नाही.

आता डोसकडे येऊ. 200 आणि 400 मिलिग्रॅम प्रति किलो लिहिलंयस. कुठून आले हे आकडे? मीच सांगते. ओईसीडीच्या 423 क्रमांकाच्या चाचणीत 2000 मिलिग्रॅमला उंदीर मेला नाही, म्हणून त्याचा दहावा भाग आणि पाचवा भाग. सगळे असंच करतात. याला औषधशास्त्रातला आधार म्हणण्यापेक्षा भागाकार म्हणावं. जरा पुढचा हिशेब करून बघ. उंदराचा डोस माणसाला लावताना नुसतं वजनाने गुणत नाहीत, शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने सहाने गुणून सदतीसने भागतात. 400 चे झाले साधारण 65 मिलिग्रॅम प्रति किलो. साठ किलोच्या बाईला रोज जवळजवळ 3.9 ग्रॅम अर्क. तुझा अर्क शंभर ग्रॅम सालीतून दहा ग्रॅम निघाला असं धर. म्हणजे रोजची 39 ग्रॅम वाळलेली साल! आठ आठवडे घ्यायची म्हटली तर दोन किलोंच्या वर. कोण घेणार, आणि घेतली तर बद्धकोष्ठाने काय होणार? हा हिशेब चर्चेच्या प्रकरणात तू स्वतःहून घाल. परीक्षकांनी विचारण्याआधी.

सालीवरून आठवलं. ती काष्ठौषधीच्या दुकानातून आणू नको. बाजारात अशोकाची साल म्हणून रस्त्याकडेच्या त्या सरळसोट खोट्या अशोकाची साल मिळते, हे तर तुला ठाऊकच आहे. झाडावरून स्वतः घे, फांदीवरची घे, खोडाभोवती गोल सोलू नको, झाड मरतं. कुठल्या गावचं झाड, कुठल्या महिन्यात काढली, हे वहीत लिही. पानाफुलांसकट हर्बेरियम शीट करून पुण्याला बीएसआय किंवा आघारकरकडून ओळख पटवून घे आणि तो नमुना क्रमांक थिसिसमध्ये छाप. सावलीत वाळव. आणि हो, अर्क पाण्यात काढणार की अल्कोहोलमध्ये, याचं कारण दे. ‘सॉक्सलेट रिकामा होता’ हे कारण नाही. लोक घरी काढा करत असतील तर पाण्याचा अर्क तपासायला हवा ना? एखादं ओळखीचं रसायन धरून, गॅलिक ॲसिड म्हण, अर्कात ते किती आहे हेही मोजून ठेव. नाहीतर तुझा अर्क आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीने केलेला अर्क एकच होता की नाही, हे देवालाही सांगता येणार नाही.

तुलनेला रॅनिटिडीन ठेवलंयस, जुन्या थिसिसमधून उतरवलेलं दिसतंय. 2020 मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावलं, त्यात एनडीएमए सापडलं म्हणून, आणि 2022 मध्ये आपल्याकडच्या आवश्यक औषधांच्या यादीतूनही ते गेलं. ओमेप्राझोल घे. इंडोमेथॅसिनच्या मॉडेलला मिसोप्रोस्टॉल मिळालं तर आणखी चांगलं.

आता ज्येष्ठमधाची गोष्ट सांगते. ती जरा लांब आहे, पण वनस्पतीपासून अल्सरचं औषध खरोखर झालं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॉलंडमध्ये रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की हीरनव्हेन गावच्या एका औषधविक्याकडून ज्येष्ठमधाच्या अर्काचा लगदा घेणारे अल्सरचे रुग्ण सुधारताहेत. त्यांनी स्वतः रुग्णांना तो देऊन पाहिला आणि 1946 मध्ये छापलं. गुण येत होता. पण दर पाचांतल्या एकाचा चेहरा आणि हातपाय सुजत होते, डोकं दुखत होतं, काहींना दम लागत होता. हेही त्यांनी त्याच लेखात लिहिलं. ते वाचलं तेव्हा मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. गुण आणि दोष एकाच दमात सांगणारे लोक आपल्या क्षेत्रात थोडे आहेत.

पुढे इंग्लंडमध्ये ज्येष्ठमधातल्या घटकापासून कार्बेनॉक्सोलोन हे औषध बनवलं गेलं. 1962 मध्ये रिचर्ड डॉल यांनी त्याची रुग्णांवर रीतसर चाचणी घेतली, धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं दाखवणारे तेच डॉल. जठरातले व्रण खरोखर लवकर भरत होते. औषध बाजारात आलं, वर्षानुवर्षं दिलं गेलं. आणि रेव्हर्स यांची सूजही सोबत आली. शरीरात मीठपाणी साठायचं, रक्तदाब चढायचा, पोटॅशियम घसरायचं. 1976 मध्ये जेम्स ब्लॅक यांचं सिमेटिडीन आलं आणि कार्बेनॉक्सोलोन मागे पडलं. सूज का येते ते 1980 च्या दशकात उलगडलं. आपल्या मूत्रपिंडात कॉर्टिसॉलला निष्प्रभ करणारं एक विकर असतं. ज्येष्ठमधातला तो घटक नेमकं तेच विकर अडवतो, मग कॉर्टिसॉल मीठ धरून ठेवायला लागतं. मग लोकांनी तो घटकच काढून टाकलेलं ज्येष्ठमध बनवलं, डीजीएल म्हणून अजून विकतात. सूज गेली. पण 1978 मध्ये ब्रिटनमध्ये जठरातल्या अल्सरवर त्याची नकली औषधाशी तुलना केली तेव्हा फरक दिसला नाही. त्रासाबरोबर गुणही गेला म्हणायचा.

हे तुला सांगते त्यामागे घरचंही कारण आहे. आई पित्तावर रोज सकाळी ज्येष्ठमधाची पूड मधात घेते, आणि तिची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे. दोन्ही पोटॅशियम खाली आणतात. मी फोनवर सांगितलं तर म्हणते, ‘अगं, आपल्या आजीपासून घेतोय.’ आजीला रक्तदाबाची गोळी नव्हती. तू घरी आहेस, ती पूड डब्यातून काढ आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तिचं पोटॅशियम तपासायला सांग. गुडघ्यासाठी ती मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणते, त्यांचंही पाकीट डॉक्टरांना दाखव. पोटात त्या गोळ्यांचाच त्रास असेल तर वर कुठलाही पाला देऊन भागणार नाही. शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त दिसलं, तर काढे-चूर्णं सगळं बाजूला ठेवून थेट दवाखाना. आणि हेलिकोबॅक्टरची तपासणी एकदा करून घ्या. श्वासावरही होते, दरवेळी दुर्बीण घालावी लागत नाही. मात्र आपल्याकडे निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात तो जिवाणू असतोच आणि त्यातल्या बहुतेकांना अल्सर होत नाही, तेव्हा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर घाबरून जाऊ नका.

परत तुझ्या कामाकडे. प्रस्तावनेत तू हळद, कडुनिंब आणि कोबीचा हवाला दिलायस. हळदीचं बघ. 2001 मध्ये थायलंडमध्ये अल्सरच्या 25 रुग्णांना हळदीच्या कॅप्सूल दिल्या, चार आठवड्यांत 12 जणांचे व्रण गेले. ऐकायला छान. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. अल्सर आपला आपण भरतो बाई! ड्युओडेनमच्या अल्सरच्या चाचण्यांत नकली गोळी घेणाऱ्यांपैकीही सुमारे एक तृतीयांश लोक चार आठवड्यांत बरे झालेले दिसतात. त्याआधीच, 1998 मध्ये, व्हिएतनाममध्ये हळद आणि नकली गोळी समोरासमोर ठेवली होती. हळद सरस ठरली नाही. तू फक्त थायलंडचा संदर्भ दिलायस. व्हिएतनामचाही दे.

कोबीच्या रसाचंही तेच. 1949 मध्ये कॅलिफोर्नियाच्या गार्नेट चेनी यांनी 13 रुग्णांना ताजा रस पाजला, ड्युओडेनमचे व्रण सरासरी 10.4 दिवसांत भरले असं लिहिलं. नेहमीच्या उपचाराला 37 दिवस लागतात, म्हणे. ते 37 कुठले? जुन्या लेखांतून उचललेले, दुसऱ्याच रुग्णांचे. कडुनिंबाचं काम मात्र आपलं, कोलकात्याचं, आणि मला ते आवडतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी आधी उंदरांवर यंत्रणा शोधली आणि मग 2004 मध्ये सालीचा पाण्यातला अर्क माणसांना दिला, तोही 30 ते 60 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दहा आठवडे. व्रण जवळजवळ भरले. डोस बघितलास? मिलिग्रॅममध्ये आहे. रुग्ण मोजकेच होते आणि पुढे मोठी चाचणी व्हायला हवी होती, पण दिशा अशी असावी.

सिनॉप्सिसच्या शेवटी तू बशीत हेलिकोबॅक्टर मारायचा प्रयोग जोडलायस, तो वेळ असेल तरच कर. ग्रीसमधल्या खिऑस बेटावर रुमी मस्तकीचा डिंक होतो. तो बशीत हा जिवाणू मारतो, असं 1998 मध्ये छापून आलं आणि जगभर गाजलं. 2003 मध्ये लागण झालेल्या माणसांना देऊन पाहिला तर पोटातला जिवाणू तसाच.

आता आपल्या दोघींतलं. पहिल्या दिवशी उंदीर हातात घेताना तुझे हात थरथरतील, आणि तो तुझ्यापेक्षा जास्त घाबरलेला असेल. आठवडाभर आधीपासून रोज जाऊन त्यांना नुसतं हाताळ, काही टोचायचं नाही, पाजायचं नाही. घाबरलेल्या उंदराला ताणानेही व्रण होतात आणि मग तुझे आकडे बिघडतात. उपाशी ठेवताना जाळीच्या तळाचा पिंजरा घे, नाहीतर ते स्वतःच्या लेंड्या खातात आणि उपास राहतो नावापुरता. जठर उघडल्यावर रडू आलं तर येऊ दे. ज्यांना काहीच वाटत नाही त्यांच्या हाताखाली काम करू नको, एवढंच सांगेन.

व्रण मोजताना मात्र तू एकटीने मोजू नको. मैत्रिणीला सांग, जठरांना नुसते आकडे देऊन समोर ठेव म्हणावं, कुठलं कुठल्या गटाचं ते तिच्याच वहीत. भिंगातून बघताना एखादा लाल ठिपका मोजावा की सोडावा हे मनच ठरवतं आणि मनाला माहीत असतं की हा ‘400 चा’ उंदीर आहे. प्रत्येक जठराचा मोजपट्टी ठेवून फोटो काढ. आणि एखादा सीनियर येऊन म्हणेल, ‘दोन आकडे जरा सरळ करून टाक, पी व्हॅल्यू येते की नाही बघ.’ प्रत्येक कॉलेजात असा एक असतोच, स्वभावाने चांगलाही असतो, चहा पाजतो. त्याचा चहा पी आणि आकडे आहेत तसे ठेव. अर्क चालला नाही म्हणून एम. फार्म. अडत नाही. नीट केलेल्या प्रयोगात जांभळाची साल इंडोमेथॅसिनपुढे निष्प्रभ ठरली, तर ते पुढच्या दहा मुलींचे तीनशे उंदीर वाचवणारं उत्तर आहे.

तेव्हा आता असं कर. या शनिवारपर्यंत मॉडेल बदल, गट पुन्हा मोज, डोसचा हिशेब घाल आणि ‘आम्ल कमी होतं का’ आणि ‘झालेला व्रण लवकर भरतो का’ हे दोनच प्रश्न पहिल्या पानावर लिही. गाइडशी वाद घालू नको, ‘सर, एवढं एक करून बघू का’ असं विचार. प्राण्यांच्या नीतिसमितीचा फॉर्म बी भरलास की जमा करण्याआधी मला पाठव, आणि मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत एकाही उंदराला हात लावू नको.